दोन मिलिमीटरची वाट

सकाळी ७.३०

कापूस वेचणीच्या दिवसांत तपासणी ठेवली की मुलं भेटतात, मायबाप भेटत नाहीत. सोयाबीन घरात आलेलं असतं, तूर फुलोऱ्यावर असते आणि सगळं गाव कपाशीत असतं. तरी वेळापत्रकात आज हिंगणी आहे, म्हणजे हिंगणीलाच जायचं.

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूहून आमची पांढरी गाडी निघते. दारावर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पाटी आणि आत आम्ही चौघं: मी, माझे सहकारी डॉक्टर, औषध निर्माता आणि सिस्टर. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची, जन्मतः असलेलं व्यंग, कमतरता, आजार किंवा वाढीतला उशीर शोधायचा आणि सापडलेल्या मुलाला पुढे पाठवायचं, हे आमचं काम. उपचार करणारे हात पुढे असतात. आम्ही शोधणारे.

बॅगेत वजनकाटा, उंचीची पट्टी, दंडघेर मोजायची पट्टी, डोळ्यांचा तक्ता, टॉर्च, कानात पाहायचा ऑटोस्कोप आणि ऐकणं तपासायचा एक ट्यूनिंग फोर्क. फोर्क बाहेर काढला की मुलांना वाटतं खेळणंच आहे. आज त्याचा उपयोग होणार आहे, हे सकाळी माहीत नव्हतं.

८.४५

हिंगणीत शिरताना समोरून सफारीची जिप्सी जाते. बोर धरण इथून जवळ. धरणाभोवतीचं जंगल १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. पर्यटकांना वाघ दिसावा वाटतो, इथल्या माणसांना तो दिसू नये वाटतं. अंधार पडायच्या आत शेतातून घरी यायचं, हा इकडचा नियम. आमच्या दृष्टीने तो सोयीचा आहे: एखाद्या मुलाच्या आई-वडिलांना गाठायचंच असेल, तर दिवेलागणीआधी ते घरी सापडतात.

आशाताई अंगणवाडीच्या दारातच उभ्या असतात. हातात यादी. "मॅडम, पोट्टे बसवून ठेवले. पन दोन जनी आल्या नाही, मामाच्या गावाला गेल्या."

९.१५

अंगणवाडीत आधी वजन, उंची, दंडघेर. मग मी प्रत्येक मुलाला समोर बसवते आणि डोक्यापासून पायापर्यंत पाहते. कान पाहायचे म्हणजे आधी केस बाजूला करायचे. ही साधी गोष्ट घाईत राहून जाते. मुलींच्या केसांत कान झाकलेले असतात, थंडी सुरू झाली की मुलग्यांच्या डोक्यावर कानटोपी चढते, आणि ज्या घराला मुलाचा कान दाखवायचा नसतो त्या घरातलं मूल बारा महिने कानटोपीत असतं.

एक तीन वर्षांची मुलगी येते. तिच्या ओठावर बारीक शिवण आहे. जन्मतः ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले होते. दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या आणि आता ती छान जेवते. आई सांगते, "आता काही त्रास नाही मॅडम." बोलणं मात्र वयाच्या मानाने मागे आहे. आईला वाटतं, टाळूमुळे बोबडं बोलते.

दुभंगलेल्या टाळूचा आणि कानाचा संबंध घरच्यांना कोणी सांगितलेला असतोच असं नाही. नाकाच्या मागून मधल्या कानात हवा नेणारी एक नळी असते. टाळूचे स्नायू ती नळी उघडतात. स्नायूच जागेवर नसतील तर नळी उघडत नाही, मधल्या कानात हवा जात नाही आणि पडद्यामागे चिकट पाणी साचतं. टाळू दुभंगलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाच्या कानात कधी ना कधी असं पाणी साचतं, आणि टाळू शिवली म्हणून ते लगेच थांबत नाही. दुखत नाही, वाहत नाही, फक्त ऐकू कमी येतं. पाणी वर्षानुवर्षं राहिलं तर पडदा आत ओढला जातो, त्या खोलगटात कातडी साचायला लागते आणि तिथून हाड पोखरणारा आजार सुरू होऊ शकतो.

ऑटोस्कोपमधून तिचे दोन्ही पडदे निस्तेज दिसतात. कार्डावर लिहिते: श्रवण तपासणी, कान-नाक-घसा तज्ज्ञ. आईला म्हणते, "टाळूचं ऑपरेशन झालं म्हणजे कानाचं काम संपलं असं नाही. सहा महिन्यांनी एकदा तरी कान दाखवायचे, दहा वर्षांची होईपर्यंत."

११.००

जिल्हा परिषदेची शाळा. व्हरांड्यात टेबल लागतं आणि वर्गावर्गाने रांग येते. पहिली-दुसरीची मुलं टॉर्चकडे पाहून हसतात. तिसरीत दोन दात किडलेले, एक चष्म्याचा नंबर, बऱ्याच मुलींच्या पापण्या आतून पांढुरक्या. एका मुलाचा कान वाहतो. त्याला स्वतःला वास येत नाही, शेजारी बसणाऱ्याला येतो. वाहणारा कान निदान दिसतो तरी. आज ज्या कानाबद्दल लिहायचं आहे, तो वाहत नाही.

११.५०

चौथीची रांग. एक मुलगा कानटोपी घालून उभा आहे. बाहेर ऊन तापलं आहे. सिस्टर टोपीकडे हात नेते तर तो मागे सरकतो. मी त्याला टेबलाच्या आतल्या बाजूला, इतरांची पाठ होईल असा बसवते आणि टोपी त्यालाच काढायला सांगते.

उजवा कान जवळजवळ नाही. कानाच्या जागी बोटाच्या पेराएवढा मांसल उंचवटा आहे, खालची पाळी तेवढी नीट उतरली आहे. डावा कान व्यवस्थित. वैद्यकात याला मायक्रोशिया म्हणतात. साधारण काही हजार जन्मांत एक बाळ असं असतं. बहुतेकांचा एकच कान असा असतो, आणि त्यातही उजवा अधिक वेळा, मुलग्यांत अधिक वेळा.

बाहेरचा कान पाहून थांबायचं नसतं. त्या उंचवट्याच्या मागे बोटाने कातडी ताणली, तेव्हा एक छिद्र दिसलं. कानाची वाट पूर्ण बंद नव्हती. मी ऑटोस्कोपला सगळ्यात लहान, अडीच मिलिमीटरचं टोक लावलं. ते तोंडाशीच अडलं. जोर लावला नाही, लावायचाही नसतो. टॉर्चच्या उजेडात छिद्राशी पिवळट, कोरडा पापुद्रा दिसला. पू नाही, ओल नाही.

मग फोर्क. गुडघ्यावर आपटून त्याच्या कपाळाच्या मधोमध टेकवला.

"आवाज कोणीकडून येते रे?"

तो थोडा थांबला. मग त्याचा हात लहान कानाकडे गेला. "इकडून." आणि लगेच माझ्याकडे पाहिलं, उत्तर चुकलं की काय म्हणून.

उत्तर बरोबर होतं. बाहेरची वाट अडलेली असेल आणि आतला कान शाबूत असेल, तर हाडातून गेलेला आवाज अडलेल्याच बाजूला मोठा लागतो. बाहेरचा कान आणि त्याची वाट गर्भाच्या ज्या भागातून घडते, तो भाग वेगळा. ऐकण्याची नस जिथून निघते तो आतला शंख वेगळ्या भागातून घडतो. म्हणून कान नसलेल्या बहुतेक मुलांची आतली श्रवणशक्ती ठीक असते. याला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं की त्या बाजूनेही त्याला ऐकू येऊ शकतं.

मग मी त्याच्या मागे उभी राहून हळू आवाजात शब्द म्हणायला लागले. "सायकल." उत्तर नाही. "केळी." तो वळून म्हणाला, "काय?" डावा कान, ज्याच्यावर त्याची सगळी भिस्त, त्याचा पडदा सकाळच्या मुलीसारखाच निस्तेज. सर्दी लागून राहिलेली, मागे पाणी साचलेलं. उजव्याने ऐकू येत नाही, डाव्याने अर्धंमुर्धं.

शेवटी दोन्ही कानांच्या मागचं हाड अंगठ्याने हलकं दाबून पाहिलं. डावीकडे काही नाही. उजवीकडे दाबताच त्याने मान चोरली. जागा जराशी गरम होती आणि कातडी किंचित फुगलेली.

"कधीपासून दुखते?"

"दिवाळीपासून. आजी तेल लावते."

१२.३०

रांग थांबवून मी सहकाऱ्यांना बोलावते. ते पुन्हा तपासतात. ताप नाही. डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला, गाल फुगवायला सांगितलं. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा. चालताना तोल जात नाही. उलटी नाही, डोकेदुखी नाही. एवढं असूनही आमच्या दोघांच्या मनात एकच शब्द: कोलेस्टिएटोमा.

आपल्या कानाच्या बाहेरच्या नळीची कातडी सतत नवी होते आणि जुनी कातडी मळासोबत पडद्याकडून बाहेरच्या दिशेने सरकत येते. म्हणून निरोगी कान आपणच साफ होतो, त्याला काडी लागत नाही. पण नळी जन्मतः अरुंद असेल तर ही मृत कातडी बाहेर पडू शकत नाही. आत थरावर थर चढतात. मोरीचं तोंड बुजलं की पाणी थांबत नाही, ते घराच्या पायात मुरत जातं. इथेही तसंच होतं. हा साचलेला गोळा म्हणजेच कोलेस्टिएटोमा. तो दाबाने आणि त्यातल्या रसायनांनी आजूबाजूचं हाड खात जातो. तो कर्करोग नव्हे, पण औषधाने विरघळतही नाही. तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो.

आणि कानाच्या शेजारी कोण राहतं? वर एका पातळ हाडापलीकडे मेंदू. मागे मेंदूतलं रक्त खाली नेणारी मोठी शीर. मधून चेहरा हलवणारी नस. आत ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या नलिका. हाड खाल्लं गेलं की कानामागे गळू होतं, चेहरा वाकडा होतो, चक्कर येते, शाबूत असलेला आतला कान कायमचा जातो. संसर्ग वर गेला तर मेंदूज्वर किंवा मेंदूत पू. हे सगळं होईपर्यंत बाहेरून दिसतं काय? काहीच नाही. नेहमीचा कान असता तर पू वाहिला असता, वास आला असता, कोणी तरी दवाखान्यात नेलं असतं. इथे बाहेर यायला वाटच नाही.

यात एक उलटी गोष्ट आहे, आणि ती आम्हा लोकांनाही उशिरा कळते. घरच्यांना वाटतं, पूर्ण बंद कान जास्त वाईट, छिद्र आहे म्हणजे बरं. कोलेस्टिएटोमाच्या बाबतीत नेमकं उलट आहे. पूर्ण बंद कानात नळीच तयार झालेली नसते, त्यामुळे साचायला कातडीही बहुधा नसते. तिथेही मधल्या कानात संसर्ग होऊ शकतो, क्वचित कातडी अडकलेली असू शकते, म्हणून त्याकडेही लक्ष हवंच. पण खरा धोका अरुंद छिद्राच्या कानाला. अमेरिकेतले कर्णशल्यविशारद जार्सडॉर्फर आणि त्यांचे सहकारी कोल यांनी १९९० मध्ये अशा ५४ अरुंद कानांचा अभ्यास मांडला. ज्यांची नळी दोन मिलिमीटर किंवा त्याहून कमी होती आणि वय १२ किंवा जास्त होतं, त्यांच्यातल्या ९१ टक्के कानांत कोलेस्टिएटोमा सापडला. तीन वर्षांच्या आतल्या मुलांत मात्र हाड खाल्लेलं आढळलं नाही. म्हणजे हा आजार जन्मतः येत नाही, तो शाळेच्या वयात हळूहळू वाढतो. आमच्या तपासणीचं वय आणि त्याचं वाढण्याचं वय एकच आहे.

माझं अडीच मिलिमीटरचं टोक या मुलाच्या छिद्रात गेलं नव्हतं.

१.३०

मुख्याध्यापकांच्या खोलीत डबे उघडले जातात. वर्गशिक्षिका आमच्यासोबत बसल्या आहेत. मुलाबद्दल विचारते. "हुशार आहे हो, पण लक्ष नसतं. दोनदा विचारलं की एकदा उत्तर देतो. मागेच बसतो, खिडकीशी."

खिडकी कुठल्या बाजूला? डाव्या. म्हणजे चांगला कान खिडकीकडे, रस्त्याकडे, आणि बंद कान बाईंकडे. बाईंच्या चेहऱ्यावर ते लगेच उमटलं. "मला कोणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. सांगणार कोण? टोपी दोन वर्षं डोक्यावर आहे, आणि बाईंनी मुलाचं मन दुखू नये म्हणून कधी काढायला लावली नाही.

उद्यापासून त्याची जागा पहिल्या बाकावर, वर्गाच्या उजव्या टोकाला, म्हणजे डावा कान बाईंकडे येईल. याला ना पैसा लागतो ना परवानगी. पण यातून त्याचा अभ्यास सुधारेल, कानामागचं दुखणं नाही.

२.३०

आशाताईंसोबत मुलाच्या घरी. आई-वडील वेचणीला गेलेले. ओसरीवर आजी शेंगा सोलत बसलेली. आम्हाला पाहून तिने पदर सावरला, पाट सरकवले.

"जलमल्यापासूनच हाय जी तसा," आजी सांगते. "पोटात होता तवा गिऱ्हान लागलं. माह्या सुनेले मी सांगत होती, बाहीर नको निंघू. निंघाली."

सून घरात नाही ते बरंच झालं. मी आजीला विचारते, "त्या गिऱ्हानात गावात पोटुशा बाया किती होत्या?"

आजी हिशेब करते. "असन चार-पाच."

"मग बाकीच्यांच्या लेकरांचे कान?"

आजी काही बोलत नाही, शेंगा सोलते. बाहेरचा कान गर्भाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घडतो, तेव्हा बऱ्याच बायांना दिवस गेल्याची खात्रीही नसते. काही औषधं, आईचा ताब्यात नसलेला मधुमेह, क्वचित घराण्यात चालत आलेला दोष ही ठाऊक असलेली कारणं. बहुतेकांचं कारण सापडत नाही. सुनेचं पाऊल अंगणात पडलं, हे त्यातलं नाही. ते मी मोठ्याने, आशाताईंसमोर सांगते, कारण हा ठपका सुनेच्या माथ्यावर नऊ वर्षं बसलेला आहे.

"डॉक्टरले दाखवलं होतं?"

"दाखवलं न. लहान होता तवा. मोठा झाल्यावर ये म्हने, कान बसवून देतो. मंग आमी वाट पाहून राह्यलो."

या एका वाक्यात सगळं अडकलेलं आहे. बाहेरचा कान बसवण्यासाठी थांबावं लागतं, हे खरंच. बरगडीची कूर्चा काढून कान घडवतात, त्यासाठी बरगडी पुरेशी मोठी व्हावी लागते. सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान ते करतात. पण कान बसवायला थांबायचं आणि कान तपासायला थांबायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्यांच्या डोक्यात एकच वाक्य राहतं, "मोठा झाल्यावर." ऐकण्याची तपासणी पहिल्या काही महिन्यांत व्हायला हवी. दोन्ही कान बंद असतील तर कपाळपट्टीवर बसणारं, हाडातून आवाज नेणारं यंत्र बाळाला सहाव्या महिन्याच्या आत लागायला हवं, नाहीतर बोलणं मागे पडतं. सीटी स्कॅन साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी, आणि दुखलं-सुजलं तर वयाची वाट न पाहता. स्कॅन न करता सुंदर कान बसवला आणि त्याखाली ते बारीक छिद्र झाकलं गेलं, तर आजार आणखी लपतो.

"तेल कोणतं टाकता?"

"टाकत नाही जी, मांगून चोळते. कोमट करून, लसूण घालून. थोडं छेदातबी जाते."

"आता नाही. तेल नाही, काडी नाही, पाणी नाही. चोळायचंही नाही."

आजीने वाटी उचलून आत ठेवली. "हव."

४.१५

गाडीत बसून फोन. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरांना. मी वाचून दाखवते: वय नऊ, उजवा मायक्रोशिया, नळी दोन मिलिमीटरच्या आसपास, कानामागे दुखरेपणा, हलकी सूज, ताप नाही, चेहरा ठीक, डाव्या कानात पाणी असण्याची शक्यता. पलीकडून एकच प्रश्न: "उद्या सकाळी पाठवता?" मी हो म्हणते. महिन्याअखेरच्या शिबिरात नेण्याची ही केस नाही.

वर्धा जिल्ह्याचं एक बरं आहे. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. १९४४ मध्ये बाया-मुलांसाठी १५ खाटांवर सुरू झालेलं. तिथेच १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी खेड्यांसाठीचं वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. सावंगीला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. वर्ध्यात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. गडचिरोलीच्या आतल्या गावातल्या मुलाला सीटी स्कॅनसाठी जेवढं लांब जावं लागतं, तेवढं हिंगणीच्या मुलाला लागत नाही. इथे अडतं ते अंतरावर कमी आणि 'काही त्रास नाही' या समजुतीवर जास्त.

मग कार्ड. कार्डावर 'मायक्रोशिया' एवढंच लिहिलं तर पुढचा माणूस प्लॅस्टिक सर्जरीकडे बोट दाखवतो आणि मूल पुन्हा 'मोठा झाल्यावर'च्या रांगेत लागतं. म्हणून ठळक लिहिते: "अरुंद नळी, कानामागे वेदना. कोलेस्टिएटोमा वगळा. टेम्पोरल बोनचं सीटी. दोन्ही कानांची श्रवण तपासणी. चेहऱ्याची नस तपासलेली, आज सामान्य." शेवटची नोंद महत्त्वाची. उद्या काही बदललं तर ते आजपासून मोजता येईल. अशा कानांत चेहऱ्याच्या नसेची वाट बऱ्याचदा नेहमीची नसते, त्यामुळे शस्त्रक्रियाही अनुभवी हातानेच व्हावी लागते. सोबत जबडा, डोळे, पाठीचा कणा, हृदय आणि मूत्रपिंडाचीही तपासणी लिहिते, कारण कधी कधी कानाचं व्यंग एकटं नसतं.

५.३०

आई-वडील शेतातून येतात. आईच्या कमरेला वेचणीचा ओटा अजून बांधलेला. वडील हात धुऊन समोर बसतात आणि सरळ पैशाचं विचारतात. या कार्यक्रमातून पाठवलेल्या मुलाची तपासणी आणि उपचार मोफत असतात, हे सांगते. सोबत शिधापत्रिका आणि आधार कार्ड ठेवायला सांगते, महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेसाठी.

"उद्याचीच घाई आहे काय, मॅडम? वेचणी किलोवर आहे. आठ दिवसांनी नेला तर?"

मजुराचा एक दिवस बुडणं म्हणजे काय, हे मला कळतं. म्हणून मी भीती घालत नाही, हिशेब सांगते. कानामागचं हाड दुखतं म्हणजे आतलं दुखणं हाडापर्यंत आलं असण्याची शक्यता आहे. हाडाच्या पलीकडे मेंदू आहे. कदाचित साधा संसर्ग निघेल, औषधावर बसेल. कदाचित गोळा निघेल आणि शस्त्रक्रिया लागेल. कोणतं ते इथे बसून मला सांगता येत नाही, तुम्हालाही येत नाही. स्कॅन सांगेल. आठ दिवस थांबून काही मिळणार नाही, जाऊ मात्र बरंच शकतं.

आई आतापर्यंत गप्प होती. ती विचारते, "त्या कानानं त्याले आयकू येईन का?"

मी मुलाला पुढे बोलावते आणि फोर्क पुन्हा त्याच्या कपाळाला लावते. तो आईकडे पाहत लहान कानाला हात लावतो. आईला सांगते: आतला कान आज जिवंत आहे. तो वाचवायचा आहे. बाहेरचा कान नंतर घडवता येतो, आतला गेला की परत घडवता येत नाही.

वडील म्हणतात, "मी नेतो."

रात्रीसाठी सूचना आशाताईंकडे कागदावर: ताप चढला, डोकं खूप दुखलं, उलट्या झाल्या, चक्कर आली, तोंड एका बाजूला गेलं, झोपेतून नीट जागा होईना किंवा कानामागची सूज वाढली, तर सकाळची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा. वाघाचं जंगल बाजूला आहे म्हणून रात्री कोणी बाहेर पडत नाही, हे ठाऊक आहे. म्हणूनच गाडी दारापर्यंत बोलवा.

६.४५

सेलूला परत. रजिस्टर भरायचं आहे. रकान्यात मुलाच्या नावापुढे कोणता आजार लिहू? आमच्या यादीत जन्मतः बहिरेपण आहे, मधल्या कानाचा संसर्ग आहे. 'अरुंद कान' असा वेगळा रकाना नाही. मी 'इतर'मध्ये लिहिते आणि शेरा जोडते. जे यादीत नसतं ते शोधायला कोणी सांगत नाही, त्यामुळे ते डोळ्यांनीच शोधावं लागतं, टोपी काढून, केस बाजूला सारून.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात, वर्गात, गल्लीत लहान किंवा न घडलेल्या कानाचं मूल असेल, तर एवढं करा. 'मोठा झाल्यावर बघू' हे फक्त बाहेरच्या कानाला लागू आहे. ऐकण्याची तपासणी जन्मानंतर लगेच करून घ्या. कानाच्या जागी बारीक छिद्र असेल तर ते चांगलं लक्षण समजू नका. पाचव्या-सहाव्या वर्षी स्कॅन आणि त्यानंतर दर वर्षी तपासणी, पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत. चांगल्या कानाची सर्दीसुद्धा अंगावर काढू नका, त्या मुलाला तेवढा एकच कान आहे. दोन्ही कानांत तेल, काडी, थेंब स्वतःच्या मनाने घालू नका. कानामागे दुखलं, सुजलं, चेहरा किंचितही ओढला गेला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या, आणि डॉक्टरांना स्वतःहून विचारा: "आत कातडी साचलेली तर नाही ना?" शिक्षक असाल तर टोपीतल्या मुलाला त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूने बोलवा, आणि आमची गाडी शाळेत येईल त्या दिवशी तो गैरहजर राहणार नाही, एवढं बघा.